चिप येईल तेव्हा येईल, सीरम तर जपा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'एका थेंबात सगळे आजार' या मथळ्याखाली पेप्टाइड मायक्रोॲरेवरचा, म्हणजे प्रोटीनचे बारीक तुकडे ठिपक्यांनी मांडलेल्या काचेच्या चिपवरचा, लेख वाचला. असा विषय मराठी दैनिकाने पानभर छापला, हे चांगलेच झाले. पण मथळ्याने घात केला. पेपर पडला त्याच सकाळी आमच्या नंदनवनातल्या गल्लीतून 'ताई, ही चिप बर्डीवर कोणत्या लॅबमध्ये होते?' अशी विचारणा सुरू झाली. विचारणाऱ्यांत एका बाईंच्या मुलाला आठवडाभरापासून ताप होता. 'चिप राहू द्या, आधी त्याला मेडिकलला, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, न्या,' असे त्यांना सांगितले आणि मग हे पत्र लिहायला बसले. पत्र लांबले आहे. कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त सीरम जपण्याबद्दल शेवटी जे लिहिले आहे ते वगळू नका.

मी डॉक्टर नाही, संशोधकही नाही. नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या सेरॉलॉजी विभागात तंत्रज्ञ होते, तिथूनच निवृत्त झाले. आलेले रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, वर आलेले पिवळे सीरम पिपेटने काढायचे आणि त्यात कोणत्या आजाराच्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूला धरायला शरीराने बनवलेली प्रोटीने, आहेत ते पाहायचे, हे आमचे काम. त्यामुळे अँटिबॉडी कशाला चिकटते, आणि कशाला चिकटायला नको तरी चिकटते, या प्रकरणाशी माझा रोजचा संबंध आला. पेप्टाइड चिपचे महत्त्व मला कळते ते याच कारणाने. आणि तिच्यावरच्या लेखाचा मथळा का फसवा आहे, तेही.

विडालचेच घ्या. टायफाइडची ही तपासणी १८९६ सालची. गोल खाचांच्या स्लाइडवर सीरमचे थेंब ठेवायचे, त्यात मेलेल्या जिवाणूंचे रंगवलेले अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी ज्याला धरते ते, टाकायचे, 'ओ' या भागाचे निळे, 'एच' या भागाचे लाल. काडीने ढवळायचे, स्लाइड मिनिटभर हातात हलवायची आणि उजेडात धरून दाणे पडले का बघायचे. दाणे पडले की रिपोर्टवर १:८० किंवा १:१६० असे, सीरम किती पातळ धरले त्याचे, प्रमाण लिहून जाते आणि घरी 'टायफाइड निघाला' असा निरोप पोचतो. चार दिवसांनी तोच माणूस खिडकीशी उभा. 'मॅडम, टायफाइड निघाला म्हणते, गोळ्या खाऊन राह्यलो, मग ताप काहून उतरून नाही राह्यला?'

उतरणार कसा? अख्खा जिवाणू समोर ठेवला की त्याच्या अंगावरच्या कुठल्याही गोष्टीला धरणारी अँटिबॉडी त्याला चिकटते. दोन वर्षांपूर्वीच्या आजाराची असेल, लसीची असेल, टायफाइडच्या एखाद्या भाऊबंद जिवाणूने तयार करवलेली असेल. स्लाइडवर दाणे सारखेच पडतात. त्यातले आजच्या तापाचे कोणते, हे विडाल सांगू शकत नाही.

स्क्रब टायफसची गोष्ट तर याहून विचित्र. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात या तापाने बळी घेतले, तेव्हा नागपूरकरांना हे नाव पहिल्यांदा नीट कळले. ऑरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा त्याचा जिवाणू. झुडपांत-गवतात राहणाऱ्या बारीक चिगर माइटच्या चाव्यातून तो अंगात शिरतो. चावल्या जागी काळी खपली धरते, पण ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली असते आणि कपडे काढून बघितल्याशिवाय सापडत नाही. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने बरा होतो. या आजारासाठी जिथे एलायझा (प्लेटच्या खाचांत रंग आणून अँटिबॉडी ओळखायची तपासणी) नसते तिथे अजून वाइल-फेलिक्स नावाची तपासणी करतात. ती १९१६ ची तपासणी, आणि तिच्यात स्क्रब टायफसचा जिवाणू औषधालाही नसतो! प्रोटियस नावाच्या भलत्याच जिवाणूचा एक प्रकार योगायोगाने थोडा सारखा निघाला, म्हणून त्याच्यावर काम भागवायचे. भागते कधी, कधी नाही. शंभर वर्षांपूर्वी दुसरे काही हाताशी नव्हते. आज आहे.

पेप्टाइड मायक्रोॲरेची कल्पना इथूनच समजून घ्यावी. अख्खा जिवाणू समोर ठेवायचा नाही, अख्खे प्रोटीनही नाही. प्रोटीन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची लांब साखळी. त्या साखळीचे १५-१५ दुव्यांचे तुकडे कृत्रिमरीत्या बनवायचे. पहिला तुकडा १ ते १५, दुसरा ४ ते १८, तिसरा ७ ते २१, असे एकमेकांवर चढणारे, म्हणजे कुठलाही भाग मधून निसटत नाही. हे तुकडे म्हणजे पेप्टाइडे. काचेवर प्रत्येकाचा वेगळा ठिपका ठेवायचा आणि मग वरून रुग्णाचे सीरम सोडायचे. अँटिबॉडी ज्या ठिपक्याला धरेल तो ठिपका चमकवायचा. जिवाणूच्या नेमक्या कोणत्या तुकड्याला शरीराने ओळखले, ते अशा रीतीने कळते.

ही कल्पना माणसांच्या नाही, गुरांच्या आजारावर सिद्ध झाली, आणि आपल्या पुरवणीत त्याचा उल्लेखही नव्हता. लाळ्या-खुरकूत! १९८४ साली मेलबर्नच्या मारियो गायसेन यांनी डच सहकाऱ्यांबरोबर या रोगाच्या विषाणूचे व्हीपी-१ हे प्रोटीन घेतले. त्यात २१३ अमिनो आम्ले. सहा-सहा आम्लांचे, एकेक घर पुढे सरकणारे असे शक्य तेवढे सगळे, म्हणजे २०८ तुकडे त्यांनी पॉलिथिलीनच्या बारीक दांड्यांच्या टोकांवर बनवले आणि एकेक दांडी सीरममध्ये बुडवली. अँटिबॉडी कुठे धरते ते एका-एका अमिनो आम्लापर्यंत सांगता आले. ज्या नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, तिथल्या वाचकाला ही गोष्ट सांगायलाच हवी होती.

पुढचा इतिहास थोडक्यात. साखळीचे एक टोक घट्ट वस्तूला बांधून एकेक अमिनो आम्ल जोडत जायची युक्ती ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये दिली होती, १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. जर्मनीतल्या रोनाल्ड फ्रँक यांनी तेच काम साध्या सेल्युलोजच्या कागदावर ठिपके टाकून करून दाखवले. आम्ही ज्या फिल्टर पेपरवरून स्टेनचा गाळ काढायचो त्याच जातीचा कागद. १९९१ मध्ये अमेरिकेत स्टीफन फोडोर आणि सहकाऱ्यांनी काचेवर प्रकाश हव्या त्या जागी पाडून दहा पायऱ्यांत १,०२४ पेप्टाइडे उभी केली. पुढे डीएनए चिप निघाल्या त्या याच वाटेने. मला सगळ्यांत गंमत वाटली ती हायडेलबर्गच्या मंडळींची. त्यांनी अमिनो आम्ले टोनरच्या पुडीत घातली आणि लेझर प्रिंटरच्या पद्धतीने छापली. छापायचे, तापवायचे, पुडी वितळली की आम्ल जोडले जाते, उरलेले धुवायचे, पुन्हा छापायचे.

माझ्या भावाची मुलगी हैदराबादला अशाच प्रयोगशाळेत काम करते. तिच्याकडे गेले तेव्हा ही स्लाइड हातात धरायला मिळाली. आकाराने आपली नेहमीचीच, ७५ बाय २५ मिलिमीटर. तिरकी धरली, उजेडाकडे केली, काही म्हणजे काही दिसत नाही. कोपऱ्यातला बारकोड तेवढा दिसतो. 'आत्या, बोट लावू नको हं, त्यावर हजारो ठिपके आहेत,' म्हणाली. एकेक ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढा. कोणत्या जागी कोणते पेप्टाइड, त्याची यादी संगणकात.

पद्धत बघून मात्र घरी आल्यासारखे वाटले. आधी केसीन हे दुधातले प्रोटीन लावून मोकळी जागा बुजवायची, नाहीतर सीरम काचेलाच चिकटते. मग पातळ केलेले सीरम. मग ट्वीन हे साबणासारखे द्रव्य घातलेल्या बफरने धुणे, पुन्हा धुणे. मग माणसाच्या आयजीजी या जातीच्या अँटिबॉडीला धरणारी आणि रंगद्रव्य जोडलेली दुसरी अँटिबॉडी. पुन्हा धुणे, वाळवणे, स्कॅनर. ही तर आमची एलायझाच! फरक एवढाच की ९६ खाचांच्या प्लेटऐवजी एका काचेवर हजारो जागा. धुण्यात आळस केला तर रिपोर्ट खोटा, हेही तसेच.

स्कॅनरच्या पडद्यावर काळ्या पाटीवर लाल ठिपके उमटले. मी साहजिकच सगळ्यांत ठळक ठिपक्याकडे बोट केले. ती हसली. 'तो सोड. तो चिकटखोर आहे, निरोगी माणसाच्या सीरमलाही तसाच उजळतो.' मग तिने शेजारची चित्रे उघडली. एक सीरमशिवाय, नुसत्या दुसऱ्या अँटिबॉडीचे. काही निरोगी लोकांच्या सीरमची. प्रत्येक पेप्टाइड काचेवर तीनदा छापलेले असते, तिन्ही ठिपके सारखे उजळले तरच धरायचे. एवढे सगळे वजा करून जे उरले ते मोजके, फिकट ठिपके. तिचे सगळे संशोधन त्या फिकट ठिपक्यांवर. एक तुकडा हाती लागला की त्यातले एकेक अमिनो आम्ल बदलून तिथे ॲलनीन हे साधे अमिनो आम्ल बसवतात आणि पुन्हा सीरम सोडतात. ज्या बदलाने चमक गेली, पकड त्या आम्लावर होती.

हीच काच अँटिबॉडीखेरीज दुसऱ्या प्रोटीनांसाठीही वापरतात. पेशीतले एक प्रोटीन दुसऱ्याला कुठे धरते, कायनेज नावाची एन्झाइमे कोणत्या तुकड्यावर फॉस्फेट चढवतात, हे असेच शोधतात. औषधे शोधणाऱ्यांना त्याचे मोल फार. माझे क्षेत्र ते नाही, तेव्हा पुढे जाते.

आता 'एका थेंबा'कडे. माझ्या अंदाजाने लेखकाचा गोंधळ इथे झाला. २०१५ मध्ये हार्वर्डच्या स्टीफन एलेज यांच्या गटाने व्हिरस्कॅन नावाची पद्धत प्रसिद्ध केली. ५६९ लोकांच्या रक्तावरून त्यांना आयुष्यात कोणकोणते विषाणू भेटून गेले ते तिने सांगितले, आणि त्यासाठी थेंबापेक्षाही कमी रक्त लागले. खरे आहे. पण त्यात काचेची चिप नव्हती, पेप्टाइडे जिवाणुभक्षक विषाणूंच्या अंगावर बसवली होती. दुसरे असे की ती पद्धत सांगते ते 'भेटून गेले' एवढेच. नंदनवनातल्या त्या मुलाला आज ताप कशाने आहे, याचे उत्तर त्यात नाही.

पेप्टाइडच्या काचेलाही तीच मर्यादा. अँटिबॉडी तयार व्हायला दिवस लागतात. चांदीपुऱ्याचा विषाणू (त्याची गोष्ट पुढे सांगते) मेंदूवर गेला तर लहान मूल एक-दोन दिवसांत हातचे जाते. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ गेली. अशा मुलाच्या रक्तात अँटिबॉडी शोधत बसणे म्हणजे वेळ घालवणे, तिथे विषाणूचा आरएनए शोधणारी पीसीआरच हवी.

दुसरी मर्यादा आकाराची. शरीरात प्रोटीन सरळ साखळीसारखे पडून नसते, गुंडाळलेले असते. बांधलेल्या फेट्यावर शेजारी-शेजारी दिसणारी दोन टोके फेटा सोडला की हात-हात लांब जातात, तसे. पुष्कळ अँटिबॉडी गुंडाळलेल्या आकारालाच धरतात. काचेवर सुटे तुकडे ठेवले की त्या अँटिबॉडींना धरायला काही उरत नाही आणि ठिपका काळाच राहतो. काळा ठिपका म्हणजे आजार नाही, असा अर्थ काढणारा फसला. शिवाय जंतूच्या अंगावर सगळे प्रोटीनच असते असेही नाही. विडालमधला 'एच' हा जिवाणूच्या शेपटीतल्या प्रोटीनचा, पण 'ओ' चक्क साखरेच्या साखळ्यांचा. त्याचे पेप्टाइड करणार कुठून? म्हणजे उद्या पेप्टाइड चिप आली तरी जुन्या विडालचा अर्धा भाग तिच्या आवाक्याबाहेरच.

मग ही चिप आपल्या काय कामाची? तर गाळणीचे काम तिचे. हजार तुकड्यांतून कामाचे दोन-चार वेगळे काढायचे, आणि मग त्या दोन-चारांची साधी, स्वस्त तपासणी बनवायची, जी काटोलच्या ग्रामीण रुग्णालयातला तंत्रज्ञही करील. हे स्वप्न नाही. एचआयव्हीच्या तपासणी-कार्डावर आम्ही एचआयव्ही-१ चा आणि एचआयव्ही-२ चा ठिपका वेगळा वाचायचो, तो जीपी-४१ आणि जीपी-३६ या प्रोटीनांच्या निवडक भागांमुळे. अमेरिकेत लाइम रोगासाठी सी-६ नावाच्या एकाच पेप्टाइडवर एलायझा चालते. अख्खा जिवाणू वापरून होणारा गोंधळ त्या एका तुकड्याने बराच कमी केला. डेंग्यू, जपानी मेंदूज्वर आणि झिका यांच्या अँटिबॉडी एकमेकांच्या तपासणीत घुसतात, कारण या विषाणूंच्या आवरणाचे काही भाग जवळजवळ सारखेच असतात. सारखे भाग सोडून वेगळे भाग निवडायचे असतील तर ते आधी एकेक करून तपासायला नकोत का?

स्क्रब टायफसच्या बाबतीत याची निकड जास्त. त्याच्या जिवाणूचे ५६ किलोडाल्टन वजनाचे एक प्रोटीन तपासणीत वापरतात, आणि ते वाणागणिक बदलते. कार्प, काटो, गिलियम ही त्या वाणांची जुनी, परदेशी नावे. सावनेरच्या, कळमेश्वरच्या शेतात कोणता वाण फिरतो आणि तिथल्या रुग्णाचे रक्त त्या प्रोटीनचा कोणता तुकडा धरते, हे सावनेरच्या रुग्णाचे सीरमच सांगणार. काच जर्मनीहून मागवता येईल, सीरम मागवता येणार नाही.

जाता जाता, पेप्टाइडने थेट जंतू पकडायचीही वाट आहे. आफ्रिकी बेडकाच्या कातडीत मायकेल झासलॉफ यांना १९८७ मध्ये मॅगेनिन हे जंतुनाशक पेप्टाइड सापडले. प्रिन्स्टनच्या गटाने ते विद्युत-संवेदकावर बसवून २०१० मध्ये ई. कोलायसारखे जिवाणू पकडून दाखवले. पाण्याच्या तपासणीला हे उपयोगी पडेल. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आपल्या गावात आहे आणि नाग नदीही, तेव्हा प्रयोगाला सामग्री कमी पडणार नाही!

आता मूळ मुद्दा.

१९६५ मध्ये नागपुरात डेंग्यू-चिकुनगुनियाची साथ होती. रुग्णांचे रक्त पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला गेले. त्यातल्या दोन रुग्णांच्या रक्तातून भट्ट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांना डेंग्यूही नाही आणि चिकुनगुनियाही नाही, असा तिसराच विषाणू मिळाला. रुग्ण ज्या भागातले होते त्याचे नाव विषाणूला दिले, चांदीपुरा. आपल्या शहराच्या एका वस्तीचे नाव जगभरच्या विषाणूशास्त्राच्या पुस्तकांत गेले ते असे. २००७ मध्ये नागपूर विभागातच मुलांमध्ये त्याची साथ आली, २०२४ मध्ये गुजरातेत आली. नमुने व्यवस्थित घेतले, थंड ठेवले, गावाचे नाव लिहिले, म्हणून १९६५ मध्ये हे कळले. 'डेंग्यूची साथ आहे, लिहा डेंग्यू' म्हणून ते रक्त कुणी ओतून दिले असते तर?

आज आपण नेमके तेच करतो. पावसाळा लागला की तापाचे नमुने वाढतात. आपण मारबतीला 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणून आरोळी ठोकतो त्या दिवसांत तर आमच्या टेबलावर नळ्यांचे रॅक ठेवायला जागा नसायची. तपासणी झाली की उरलेले सीरम काही दिवस फ्रीजमध्ये राहते आणि मग हायपोक्लोराइट या जंतुनाशकात ओतले जाते. नियमाने तसेच करायचे असते, तंत्रज्ञाचा दोष नाही. मी काम केले तिथे २०१८ च्या स्क्रब टायफसची सीरम ठेवावीत असे मी सुचवले होते. 'जागा कुठे आहे?' एवढेच उत्तर आले. जागा खरोखरच नव्हती. पण त्या सालच्या रुग्णांचे सीरम आज असते तर भावाच्या मुलीसारख्या कुणालाही विदर्भाचे काम दुसऱ्या राज्यांच्या नमुन्यांवर करावे लागले नसते.

आणि नुसते सीरम ठेवून भागत नाही. विनंतीच्या फॉर्मवर 'ताप सुरू झाल्याची तारीख' असा रकाना असतो. तो कोराच येतो. तारीख नसली की सीरममध्ये अँटिबॉडी का सापडली नाही, याचे उत्तरच मिळत नाही. आजार नव्हता की नमुना लवकर घेतला? पत्त्याचा घोळ त्याहून मोठा. नरखेडचा, पांढुर्ण्याचा माणूस मानेवाड्याला साळ्याकडे उतरतो आणि फॉर्मवर साळ्याचा पत्ता देतो. कागदोपत्री स्क्रब टायफस मानेवाड्यात होतो आणि नरखेडच्या धुऱ्यावरचे गवत निर्दोष सुटते. दुसरा नमुना दोन आठवड्यांनी घ्यायचा असतो, अँटिबॉडी चौपट वाढली का ते बघायला. बरा झालेला मजूर दिवसाची मजुरी बुडवून, तिकीट काढून रक्त द्यायला कशाला येईल? त्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी दिल्याशिवाय येणार नाही, यायलाही नको.

साठवणही सोपी नाही. उणे ८० अंशांचा फ्रीझर हवा, निदान उणे २० चा. सीरम छोट्या-छोट्या नळ्यांत वाटून ठेवावे लागते, कारण वितळवून पुन्हा गोठवले की अँटिबॉडी खराब होत जाते. चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेला नंबर दवाने पुसून जातो, एक अख्खा ट्रे बेवारस होतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा वीज गेली तर जनरेटर आपोआप सुरू व्हायला हवा, कुणाला तरी फोन करून नव्हे. परवानगीचा प्रश्न येईलच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत उरलेल्या आणि साठवलेल्या नमुन्यांचा विचार केलेला आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी, रुग्णाच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, ही वाट मोकळी आहे.

११ डिसेंबर २०२२ रोजी, समृद्धी महामार्गाचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, गुरे आणि जंगल यांचे आजार एकत्र अभ्यासायचे, हा तिचा हेतू. मेडिकल, मेयो, एम्स ही रुग्णालये, पशुवैद्यकीय महाविद्यालय, नीरी, सगळे एका शहरात. असा योग फार थोड्या गावांना. यंत्रे येतील, काचाही येतील, त्यांच्या उद्घाटनाचे फोटो आपण छापालच. माझी मागणी त्याहून छोटी आहे. या पावसाळ्यापासून नागपूर विभागातल्या तापाच्या रुग्णांचे उरलेले सीरम, माणसांचे आणि त्याच गावातल्या गुरांचेही, एका ठिकाणी साठवायला सुरुवात करावी. त्यासाठी फ्रीझर, जनरेटर आणि नोंदी ठेवणारा एक पूर्णवेळ माणूस द्यावा, कंत्राटावर सहा महिन्यांसाठी घेतलेला नव्हे. विनंतीच्या फॉर्मवर 'ताप सुरू झाल्याची तारीख' आणि 'ताप आला तेव्हा मुक्काम कुठे होता' हे दोन रकाने कोरे असतील तर नमुना घेणाऱ्याने तिथल्या तिथे रुग्णाला विचारून भरावेत. याला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही, विभागप्रमुखाने एक परिपत्रक काढले तरी चालते.

आपल्या आरोग्य प्रतिनिधींना एक विनंती. पुढच्या वेळी जिल्हा प्रशासन साथरोग आढावा बैठक घेईल तेव्हा गेल्या वर्षीचे किती सीरम शिल्लक आहे, एवढे जरूर विचारा आणि जे उत्तर मिळेल ते छापा.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
नंदनवन, नागपूर